आयसोट्रेटिनोइन: दहा महिन्यांचा कोर्स आणि मूल होण्याची काळजी

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मोठी, दुखरी, खड्डे पाडून जाणारी मुरुमं यायची. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक झालं, मलमं झाली. थोडे दिवस बरं, की पुन्हा तेच. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनोइन दिलं, रोज २० मिलिग्रॅम, जेवणानंतर. माझं वजन ५० किलो. संपूर्ण कोर्समध्ये किलोमागे एकूण १२० मिलिग्रॅमच्या हिशेबानं तो दहा महिने चालला.

चेहरा साफ झाला. ओठ मात्र सतत फुटायचे, डोळे कोरडे पडायचे. मधूनमधून लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड्सची (रक्तातल्या चरबीची) रक्ततपासणी झाली. वॅक्सिंग पूर्ण बंद, कारण त्वचा सोलून निघते.

लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे ज्यांना कळलं त्या सगळ्या एकच सांगायच्या, "या गोळ्यांनी पुढे दिवस राहत नाहीत गं." मी त्वचेच्या आणि बायकांच्या अशा दोन्ही डॉक्टरांना हे थेट विचारलं. दोघींचं उत्तर एकच: या औषधानं कायमचं वंध्यत्व येतं असा पुरावा नाही. धोका आहे तो गोळ्या चालू असताना दिवस राहण्याचा, आणि तो फार मोठा आहे. हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. गर्भ घडत असतानाच ते बाळाच्या मेंदूवर, हृदयावर, कानांवर, चेहऱ्यावर घाला घालतं. गर्भपातही होऊ शकतो. अमेरिकेत २००६ पासून आयप्लेज नावाची सक्तीची नोंदणी आहे. ज्या बाईला दिवस राहू शकतात तिला दर महिन्याला प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय पुढच्या गोळ्या मिळत नाहीत. आपल्याकडे चिठ्ठी न बघता स्ट्रिप हातात ठेवणारी दुकानं मी स्वतः पाहिली आहेत. याचा मला खरंच राग येतो.

माझी आधी टेस्ट झाली. गर्भनिरोधक गोळ्या कोर्सच्या एक महिना आधीपासून शेवटच्या गोळीनंतर एक महिन्यापर्यंत घेतल्या, जोडीला कंडोम. (नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या कमी डोसाच्या गोळीवर या काळात भिस्त ठेवू नये.) गोळ्या चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदानही चालत नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. गावच्या शिबिरात मी तसं स्पष्ट सांगितलं.

पाळीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. काहींची या औषधावर मागेपुढे होते. माझी वेळेवर यायची, पण तो गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम, त्यावरून काही ठरवता येत नाही. सगळं थांबवल्यावर पहिली पाळी लांबली, मग लागली. आता फॉलिक ॲसिड सुरू आहे आणि आम्ही प्रयत्न करतोय.

चुलतबहीण उरलेल्या गोळ्या मागत होती, मी दिल्या नाहीत. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केसही आहेत. मुरुमं आणि दिवस राहायला लागणारा वेळ, दोन्हींच्या मुळाशी पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडामुळे पाळी अनियमित करणारा विकार, असू शकतो. मग दोष नाहक गोळ्यांवर येतो. तिला आधी बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफी आणि हार्मोन्सच्या तपासण्या सांगितल्या आहेत, त्या झाल्या की मुरुमांचं औषध ठरेल.