नावात ‘५जी’, आत २.४: जुन्या राउटरच्या खरेदीत झालेली फसवणूक

पुण्यातील एका विक्रेत्याकडून मी घरासाठी वापरलेला वायफाय राउटर घेतला. तळाच्या लेबलवर ‘एसी १२००’ असे छापलेले होते, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस; शिवाय केबल जोडण्याचे सर्व पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे असल्याचे विक्रेत्याने ठामपणे सांगितले. त्याने दुकानातच राउटर सुरू करून मोबाइलवर दोन नेटवर्क दाखवली आणि त्यांतील एकाच्या नावाअखेरीस ‘५जी’ होते, म्हणजे ते ५ गिगाहर्ट्झचे वाटावे.

घरी २०० एमबीपीएसची जोडणी असूनही वेग ९४ च्या पुढे सरकेना. अशा वेळी संशय आधी केबलवर जातो आणि तो रास्तही असतो, कारण गिगाबिटसाठी केबलमधील आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसचे काम मात्र चारच तारांवर भागते. पण तीच केबल थेट लॅपटॉपला जोडल्यावर पूर्ण वेग मिळाला, आणि राउटरला जोडताच लॅपटॉप १०० चीच जोडणी दाखवू लागला; म्हणजे दोष केबलचा नव्हता, राउटरचे पोर्टच गिगाबिट नव्हते.

मोबाइलमधील नेटवर्कचा तपशील उघडला, तेव्हा त्या ‘५जी’ नेटवर्कची वारंवारिता २.४ गिगाहर्ट्झ निघाली. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करण्याची सोय असते. तेच सुरू करून त्याला हे नाव दिले होते. सेटिंगच्या पानावरील मॉडेल आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लेबलशी जुळत नव्हते, आणि लेबलचा कोपरा नखाने उचलला तर खाली मूळ लेबल शाबूत होते. (चिकटवणाऱ्याने ते काढण्याचेही कष्ट घेतले नव्हते.)

याहून गंभीर बाब म्हणजे डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या रकान्यात अनोळखी पत्ता भरलेला होता आणि बाहेरून राउटर हाताळण्याची परवानगी चालू होती. असा डीएनएस बँकेचे नाव टाइप करणाऱ्यालाही भलत्याच पानावर नेऊ शकतो. रिसेटचे बटण दाबून धरल्यावर हे सारे पुसले गेले आणि ‘५जी’ही नाहीसे झाले.

‘जुन्या मालाला गॅरंटी नसते,’ असे सांगून विक्रेत्याने पैसे परत देण्यास नकार दिला. जुना राउटर घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी तो दुकानातच रिसेट करायला लावावा, सेटिंगच्या पानावरील मॉडेल व मॅक पत्ता लेबलशी ताडून पाहावा आणि दोन्ही पावतीवर लिहून घ्यावेत, कारण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना हीच पावती हाताशी लागते.