चार टाक्यांची गॅसलाइन: आठ महिन्यांनंतर

नाशिकला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पाडव्याला टाक्या स्वयंपाकघरातून बाहेर काढल्या आणि पाइपलाइन टाकून घेतली. आता मार्गशीर्ष चालू आहे.

सगळ्यात मोठा फरक या थंडीत कळतोय. गेल्या हिवाळ्यात पहाटे एकाच 19 किलोच्या टाकीवर तिन्ही भट्ट्या पेटवल्या की तासाभरात टाकीला बाहेरून बर्फ धरायचा आणि आच मंदावायची. आत गॅस असायचा, पण द्रवाचा वायू होताना टाकी थंड पडते आणि मग हवा तेवढा गॅस सुटत नाही. तेव्हा आम्ही टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायचो. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. असं कुणीही करू नका. आता दोन टाक्या एकदम चालतात, दोन राखीव. शेवटची पोळीसुद्धा पहिलीसारखी फुगते. परवान्याशिवाय 100 किलोपर्यंतच साठा ठेवता येतो, चार टाक्यांचे 76 होतात, ते त्यात बसतात.

बसवताना मात्र भांडावं लागलं. पहिल्या ठेकेदाराने टाक्यांची जागा मागच्या बोळात, ड्रेनेजच्या चेंबरला लागून धरली होती. शिवाय पाइप भिंतीत गाडून वर टाइल बसवू म्हणाला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत सरकत चेंबरमध्ये जाऊन साचतो, आणि गाडलेल्या पाइपचा सांधा कोण तपासणार? मी अडून बसले. आता टाक्या दुसऱ्या बाजूला मोकळ्यावर, जाळीच्या दाराआड उभ्या आहेत आणि पाइप भिंतीवरून उघडा जातो.

चाचणी न करताच तो पैसे मागू लागला, तेव्हा दुसरा जाणकार माणूस आणला. त्याने लाइनीत हवा भरून दाब दाखवणारं गेज लावलं. सकाळी काटा उतरलेला! तिसऱ्या भट्टीवरच्या एल्बोला, म्हणजे पाइप वळतो तिथल्या सांध्याला, साबणाचं पाणी लावल्यावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना मी स्वतः पाहिले. सांधा खोलून पुन्हा बसवला, पुन्हा रात्रभर हवा ठेवली. काटा जागचा हलला नाही, तेव्हाच गॅस सोडला.

श्रावणात एकदा टाकी बदलल्यावर सासूबाईंना वास आला. पिगटेलच्या, म्हणजे टाकी लाइनीला जोडणाऱ्या नळीच्या, टोकाचा रबरी वॉशर चिरला होता. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, विजेच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. टाक्या बाहेर होत्या म्हणून वासावरच निभावलं. तेव्हापासून टाकी बदलली की साबणाचं पाणी लावल्याशिवाय भट्टी पेटत नाही.

एक उणीव आहे. राखीव टाक्यांवर जायचं तर हाताने व्हॉल्व्ह फिरवावा लागतो, त्यासाठी पहाटे कुणीतरी बाहेर जावं लागतं. जाळीच्या दारावर 1906 हा गळतीच्या तक्रारीचा नंबर रंगवून घेतलाय, कामाच्या बायकांनाही तो पाठ आहे. पौषात पुन्हा हवा भरून लाइन तपासायची, तसं त्या माणसाला सांगून ठेवलंय.