मँडोलिनवर गिटारच्या तारा: सात महिने वापरल्यावर

मँडोलिनची ई तार तुटली, दुकानात मँडोलिनचा सेट नाही आणि गिटारचे सेट भिंतभर टांगलेले. हा प्रयोग बहुतेकांचा इथूनच सुरू होतो. चालतो का? चालतो. पण पैसे वाचतात म्हणून करणार असाल तर आधी हिशेब वाचा.

घ्यायचा तो 10-47 चा अकूस्टिक सेट (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात), आणि तोही दोनदा, कारण मँडोलिनवर ई, ए, डी, जी या चारही तारा जोडीने असतात. आत 10, 14, 23, 30, 39, 47 निघतात. मँडोलिनचा लाइट सेट असतो 10, 14, 24, 38. म्हणजे 10 ई-ला, 14 ए-ला, 23 डी-ला, 39 जी-ला, जवळपास जसंच्या तसं. जी-ला 30 लावायचा मोह होतो, पण ताण जेमतेम सहा किलो येतो. तार लोळते आणि फ्रेटवर खडखडते.

दुकानदार हमखास 12-53 पुढे करतो. तो नको. पावणेचौदा-चौदा इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) 10 ची तार ई-ला लावली की पावणेनऊ किलो ताण येतो, 12 ला साडेबारा. आठ तारा मिळून आधीच सत्तर किलोच्या घरात असतात. त्यात आणखी भर घातली की वरची फळी ब्रिजखाली (तारा टेकतात ती घोडी) बसते. उलट ‘9 लावली की तुटणार नाही’ हाही गैरसमजच. बारीक तारेला ताण कमी लागतो, पण तिची ताकदही तेवढीच कमी. त्या लांबीला त्या सुरात दोघींची दमछाक सारखीच.

आता तो बॉल. सगळं घोडं इथेच पेंड खातं. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी बॉल असतो आणि साध्या पत्र्याच्या टेलपीसच्या (खालच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी) हुकात तो बसत नाही. कसाबसा अडकवलाच तर वरचं झाकण लागत नाही. बॉल काढायचा, तार त्याच्या खाचेत फिरलेली असते तो फास तसाच ठेवायचा, की झाला लूप. सांगायला एक ओळ, पण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त तारा इथेच वाया जातात.

चूक होते ती बॉल टोच्याने उचकटून काढण्यात. तसं केलं की फासाखालचा पीळ सैल होतो आणि तार रोज थोडी थोडी उतरत राहते. दोष मात्र खुंट्यांना दिला जातो. कटरने चावलं तर तारेवर चरा पडतो, मग ती नेमकी हुकाशीच तुटते. सपाट तोंडाची पक्कड घ्या, बॉलच्या फक्त दोन्ही कडा तिच्यात धरून दाबा, तारेला पक्कड लागू देऊ नका. बॉल चेपला की पाव वळसा फिरवून पुन्हा दाबा. पितळ तडकलं की तुकडे काढून घ्या. वरून फडकं धरा, तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. उरलेला गोल फास खिळ्यावर ओढून लांबट करा, नाहीतर रुंद हुकात जात नाही.

फास बिघडलाच तर नवा वळता येतो, पण फक्त साध्या तारेचा. आधी दोन्ही पाय एकमेकांभोवती सारखे पिळा, पाच-सहा वेढे. मग मोकळं टोक काटकोनात घट्ट चार वेढे. एक पाय सरळ ठेवून दुसरा त्याच्यावर नुसता गुंडाळला तर तो सरकणारच. गुंडाळी तारेवर (पोलादाभोवती दुसरी तार गुंडाळलेली, जाड) हा उद्योग करू नका.

तारा एकेक करून बदला. ब्रिज फक्त तारांच्या दाबाने उभा असतो, सगळ्या एकदम सोडल्या की तो हातात येतो. 39 ची तार जुन्या नटच्या (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) खाचेत अडकते आणि सूर लावताना ‘टिक’ करून उडी मारते. खाच बारीक कानशीने किंचित रुंद करा, शिशाच्या पेन्सिलीची पूड भरा. मग बाराव्या फ्रेटवर सूर तपासा, ब्रिज थोडा मागे घ्यावा लागतो. आणि जोडीतली एक तुटली तरी दोन्ही बदला. 23 शेजारी 24 असेल तर मोकळ्या जुळतात, बोट ठेवलं की भांडतात.

इथपर्यंत मत होतं की पूर्ण सेटच गिटारचा लावावा. सात महिन्यांनी ते अर्धं बदललंय. ई आणि ए-ला काहीच फरक नाही, साधं पोलाद ते साधं पोलाद. 10 आणि 14 सुट्या मिळाल्या तर चार-चार घेऊन ठेवाव्यात. जी-ची 39 मात्र जाड, हाताला राठ लागते आणि दुसऱ्या महिन्यातच तिचा आवाज बसतो. पिकअप (तारांचा आवाज विजेत बदलणारं यंत्र) असेल तर गोष्ट वेगळी. मॅग्नेटिक पिकअपला ब्राँझ नीट ऐकूच येत नाही, तिथे इलेक्ट्रिक गिटारचा निकेलचा 10-46 सेट घ्या आणि 10, 13, 26, 36 वापरा. कर्नाटक संगीतातले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्यासारखं एकेरी पाच तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन असेल तर जोड्यांचा प्रश्नच नाही, एक सेट पुरतो.

हिशेब असा: दोन अकूस्टिक सेटच्या बारा तारा, लागल्या आठ. दोन 30 आणि दोन 47 डब्यात पडून आहेत. विकत मात्र बाराही घेतल्या.