एनआयओएसची घरबसल्या दहावी-बारावी: प्रमाणपत्र पक्कं, शिकवण्याचं काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कोल्हापुरात अजूनही ‘पोरगं बाहेरून बसवलंय’ म्हटलं की पाहुणे नाक मुरडतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे. १९८९ पासून चालू आहे, मुख्यालय नोएडात आणि आपल्याला जवळचं विभागीय केंद्र पुण्यात. तिचं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या बरोबरीचं आहे. कागदाच्या किमतीबद्दल मनात शंका ठेवू नका. शंका घ्यायची ती शिकवण्याबद्दल. संस्था पुस्तकं, व्हिडिओ आणि परीक्षा देते. रोज बसवून शिकवणारा माणूस देत नाही. तो घरातून किंवा बाहेरून उभा करता येत असेल तर ही सोय फार चांगली आहे.

सगळ्यात उजवी बाजू म्हणजे वेळापत्रक. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दोन आत्ता दिले, तीन पुढच्या खेपेला दिले तरी चालतं, आणि एकदा पास झालेला विषय पासच राहतो. तालमीतल्या पोराला हे नेमकं जमतं. फक्त चैत्रातली जत्रांची मैदानं आणि एप्रिल-मेची परीक्षा एकमेकांवर येतात, त्यामुळे पैलवानानं जड विषय ऑक्टोबरला ठेवावेत. रेंजवर रोज चार-पाच तास घालवणारे नेमबाज, फुटबॉलवाले, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागलेली पोरं आणि लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या बायका यांच्यासाठीही हीच वाट सोयीची. दहावीसाठी वय किमान १४ लागतं, बारावीसाठी १५.

विषय निवडताना घाई करू नका, कारण पुढची बरीच दुखणी इथूनच सुरू होतात. पाच विषय लागतात आणि त्यात किमान एक भाषा हवी. गणित-विज्ञान सोडून गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री घेतलं तरी दहावी होते, आणि ‘सोप्यात काढून देतो’ म्हणणारे हाच सल्ला देतात. पण उद्या पोरानं अकरावी सायन्स म्हटलं तर काय करणार? गणित (२११) आणि विज्ञान (२१२) हे कोड अर्जात आहेत की नाहीत, पालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. दहावीला मराठी माध्यम आहे. बारावीला मात्र प्रत्येक विषय कोणत्या माध्यमात मिळतो ते फी भरण्याआधी एनआयओएसच्या पोर्टलवर तपासा.

राज्य मंडळाच्या दहावीत नापास झालेल्यांसाठी क्रेडिट ट्रान्सफर आहे. तिकडे पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय इकडे धरता येतात, म्हणजे तीनच विषय द्यावे लागतात. पण ही मागणी प्रवेशाच्या अर्जातच करावी लागते. नंतर आठवलं तर पाचही विषय डोक्यावर बसतात.

आता टीएमए, म्हणजे ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट. प्रत्येक विषयाचा एक लेखी स्वाध्याय असतो. सहा प्रश्न, २० गुण: २ गुणांचे तीन, ४ गुणांचे दोन आणि शेवटचा ६ गुणांचा प्रकल्प. लहान उत्तर ४० ते ६० शब्दांचं, मोठं १०० ते १५० शब्दांचं. हाताने लिहायचं, स्कॅन करून पीडीएफ करायची आणि पोर्टलवर चढवायची. विषयाच्या एकूण निकालात याचं वजन २० टक्के, त्यामुळे नीट लिहिणाऱ्या मुलाचा पाया इथेच बसतो. घोटाळा होतो तो स्कॅनमध्ये. ट्यूबलाइटखाली फोन धरला की हाताची सावली पानावर पडते, निळं पेन फिकट येतं आणि पानं उलटसुलट लागतात. खिडकीशी उजेडात, काळ्या पेनानं लिहिलेलं पान सपाट ठेवून फोटो घ्या. प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक आणि पान क्रमांक लिहा, आणि चढवलेली फाइल पुन्हा उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. ऑक्टोबरच्या परीक्षेची टीएमए साधारण जुलैअखेरपर्यंत द्यायची असते. नेमकं तेव्हाच पंचगंगा पात्राबाहेर असते. शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या गावांत वीज आणि नेट दोन्ही जाऊ शकतं. तिथल्यांनी जूनमध्येच मोकळं व्हावं.

धड्यांची वाटणीही समजून घ्या. साधारण ४० टक्के अभ्यासक्रम टीएमएसाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी, अशा दोन याद्या असतात. लेखी पेपर निम्मा वस्तुनिष्ठ, निम्मा वर्णनात्मक. परीक्षेपुरता विचार केला तर ओझं हलकं होतं. पण टीएमएच्या यादीतले धडे पुस्तकातून उतरवून सोडून दिले तर अकरावी सायन्सला पहिल्याच महिन्यात भगदाड दिसतं. पुढे शिकायचं असलेल्यानं दोन्ही याद्या सारख्याच वाचाव्यात.

शिकण्याचं साहित्य चांगलं आहे, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. पुस्तकं स्वतः वाचून कळतील अशा बेतानं लिहिली आहेत, धड्याच्या मध्येच प्रश्न आणि शेवटी उत्तरं. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर कोर्स आहेत. स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक टीव्ही सेवेचे ‘पाणिनी’ आणि ‘शारदा’ हे चॅनेल अनुक्रमे दहावी आणि बारावीसाठी आहेत. २०२१ पासून व्हर्च्युअल ओपन स्कूलमध्ये लाइव्ह तासही आहेत. अडचण भाषेची आहे. व्हिडिओंचा मोठा भाग हिंदी-इंग्रजीत आणि पोराचं पुस्तक मराठीत. ‘त्वरण’ वाचलेल्या मुलाला ‘ॲक्सिलरेशन’ ऐकताना ते तेच आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

अभ्यास केंद्रावरचे, म्हणजे एनआयओएसनं मान्यता दिलेल्या शाळेतले, संपर्क वर्ग हीच सगळ्यात जास्त तपासायची जागा. केंद्र निवडण्याआधी तिथे जा आणि विचारा: विज्ञानाचा वर्ग कोणत्या वारी, कोण घेतं, प्रयोगशाळा दाखवाल का, तपासलेली टीएमए बघायला मिळते का? नुसती बरोबरची खूण आणि गुण असतील तर मूल त्यातून काही शिकलं नाही. ‘वर्गाला यायची गरज नाही, परीक्षेला या’ असं उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र बघा. प्रात्यक्षिकात आणि लेखीत वेगवेगळं ३३ टक्के लागतं, त्यामुळे हातात कधी ब्युरेट न धरलेला मुलगा तिथे अडकतो. चंदगड-आजऱ्याकडच्यांनी परीक्षा केंद्र कुठे येईल हेही आधी विचारावं. ते आपलं अभ्यास केंद्रच असेल असं नाही.

ऑनलाइन सरकारी शाळा मोजायची कशी, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला आहे. तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन चार्टर शाळांचा स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्रानं २०१५ मध्ये अभ्यास केला. १८० दिवसांच्या शाळेच्या वर्षात तिथली मुलं नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा वाचनात ७२ दिवस आणि गणितात पूर्ण १८० दिवस मागे पडलेली दिसली. ओहायोतल्या एका अवाढव्य ऑनलाइन शाळेनं सुमारे १५,००० मुलांचे पैसे घेतले, पण पूर्णवेळ शिकल्याची नोंद दाखवता आली ती ६,३०० च्या आसपास मुलांची. २०१८ च्या जानेवारीत, वर्षाच्या मध्यातच ती बंद पडली. म्हणून घरीही ‘व्हिडिओ बघितला’ यावर जाऊ नका. आठवड्याला प्रत्येक विषयाचे किती प्रश्न पुस्तक मिटून सोडवले, ते वहीत दिसलं पाहिजे. गणितात तर रोज दिसलं पाहिजे.

एजंटांपासून लांब राहा. ‘एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षानंतर बारावीचे चार विषयच देता येतात. अर्ज स्वतः पोर्टलवर भरा आणि स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, कारण ओटीपी ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं खातं. प्रवेशाची फी वेगळी, परीक्षेची दर विषयाला वेगळी, प्रात्यक्षिकाची आणखी वेगळी. कुणी ‘पॅकेज’ सांगितलं तर प्रत्येक पावती मागा.

निकालानंतरची गणितंही आधीच मांडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पास झालेल्याला अकरावीसाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात, तिथे बोर्ड निवडताना एनआयओएस निवडायचं आणि मायग्रेशन प्रमाणपत्र हाताशी ठेवायचं. इथे पास व्हायला ३३ लागतात, पण पॉलिटेक्निकला दहावीत एकूण किमान ३५ टक्के लागतात. ३३-३४ वर समाधान मानलेल्याचा डिप्लोमा त्यावर अडतो.

ज्याचे राज्य मंडळात एक-दोनच विषय राहिलेत त्यानं इकडे येऊच नये. पुरवणी परीक्षा काही महिन्यांत होते आणि एटीकेटीवर अकरावीही सुरू करता येते. मराठी माध्यमातला, राज्याच्याच पुस्तकांवर तयारी केलेला पण शाळेत न जाणारा मुलगा असेल तर कोल्हापूर विभागीय मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरणं बरं. विषय तेच राहतात, जुन्या प्रश्नपत्रिका गल्लीतल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे मिळतात आणि शंका विचारायला ओळखीचे शिक्षक सापडतात.