हरभट रोडच्या आतलं जुन्या पुस्तकांचं दुकान (सांगली) - ४ स्टार

बोर्ड पण नाहीये दुकानाला, नवीन माणसाला सापडायचं नाही, तरी ४ स्टार देतेय. एमएच्या सेमिनारला मला मौलाना मौदूदी विषय आला, जमात-ए-इस्लामी ह्या इस्लामी राजकीय पक्षाचे संस्थापक. ऑनलाइन पुस्तकांच्या किमती बघूनच गप बसले, मग काकांकडे गेले तर म्हणाले आठ दिवस दे, आणि खरंच आठव्या दिवशी फोन, इंग्रजी चरित्र आलंय, १८० रुपये. वर म्हणाले, "अगं बस, आधी चाळून बघ, कामाचं असेल तरच ने." स्टुलावर बसून दोन तास वाचलं, कुणी उठ म्हणालं नाही.

मी ह्यांना लाहोरचेच समजत होते, तर जन्म १९०३ चा, आपल्या औरंगाबादेतला! पक्ष काढला तो मात्र लाहोरात, २६ ऑगस्ट १९४१, पंच्याहत्तर माणसं घेऊन. पाकिस्तान मागणाऱ्या मुस्लिम लीगला ह्यांचा विरोध, कारण राष्ट्रवादच इस्लामला धरून नाही असं म्हणणं, आणि फाळणी झाल्यावर गेले पाकिस्तानातच. १९५३ ला अहमदिया ह्या पंथाच्या लोकांविरुद्ध दंगली झाल्या त्यात लष्करी कोर्टाने फाशी सुनावली, दयेचा अर्ज करणार नाही म्हणाले, पुढे शिक्षा कमी झाली आणि १९५५ ला सुटले. धीर होता हे मान्य, पण अहमदियांना मुस्लिमच धरू नका ही मागणी लावून धरण्यात ते पुढे होते, ते मला पटत नाही आणि सेमिनारमध्ये मी तसं स्पष्ट बोलले.

सगळ्यात जास्त अडकले ते १९६५ च्या निवडणुकीपाशी. बाईने राज्यप्रमुख होऊ नये असं म्हणणारा माणूस पाकिस्तानचा लष्करशहा आयूबखान, त्याच्याविरुद्ध जिनांची बहीण फातिमा जिना यांच्या मागे उभा राहिला, का तर हुकूमशाही त्याहून वाईट. माझा अख्खा सेमिनार ह्यावरच झाला. आणि एवढी तयारी करून १९७० ला पाकिस्तानच्या संसदेत, नॅशनल असेंब्लीत, जमातला जागा किती, तर ४.

एक स्टार कापला कारण १९७१ च्या प्रकरणातली सात-आठ पानं फाटलेली निघाली, जमातने बांगलादेशात पाकिस्तानी लष्कराला साथ दिली नेमका तोच भाग, आणि तो सोडून हे चरित्र वाचणं म्हणजे अर्धवटच. घरी आल्यावर कळलं. परत गेले तर काकांनी वाद न घालता ५० रुपये परत दिले आणि तेवढी पानं कुणाकडून तरी मिळवून झेरॉक्स करून देतो म्हणाले, चार दिवसांत दिली पण.

२०१९ च्या पुरानंतर खालचे दोन कप्पे रिकामेच ठेवलेत, सगळा माल वर, शिडी लागते. मौदूदींनी तीस वर्षं लावून लिहिलेलं कुराणाचं भाष्य आहे ना, तफहीम, त्याच्या सहापैकी चार खंड उर्दूत तिथं वरच आहेत, कुणाला हवे असतील तर लवकर जा. रविवारी बंद असतं.