कॅट-सिक्स म्हणून अ‍ॅल्युमिनियम, ८८ मीटर म्हणून १२८: वाडीच्या गोदामात २७,८४८ रुपयांना चुना

नागपूरजवळच्या वाडीत एका गोदामात ठेकेदाराने नेटवर्कची आणि गेटवरच्या कॅमेऱ्याची केबल टाकली. बिलावर एवढंच आहे: कॅट-सिक्स (तांब्याच्या तारांची नेटवर्क केबल) २ पेट्या, १५,६०० रुपये. 'कॉपर' हा शब्द कुठेच नाही. कनेक्टर आणि पॅच कॉर्ड (टोकांना जोडायच्या छोट्या केबली) २,४००, सोळा पॉइंटची मजुरी ५,६००, वर १८ टक्के जीएसटी. एकूण २७,८४८. आत निघाली सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा.

ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली की समजा. पेटी स्वतः उचला. ३०५ मीटरच्या खऱ्या २३ गेज (गेज म्हणजे तारेची जाडी) कॅट-सिक्समध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं. इथे पेट्या उचलायला मिळाल्याच नाहीत, माल कापलेल्या वेटोळ्यांत आला. "साइटवर सोपं पडते भाऊ."

खरा संताप गेटच्या कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या केबलचा. नकाशावर ठेकेदाराने लिहिलं ८८ मीटर. केबलच्या जॅकेटवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, मीटरचे आकडे छापलेले असतात: नेटवर्क स्विचच्या (सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात तो डबा) टोकाला ०१७, गेटच्या टोकाला १४५. वजाबाकी करा, १२८. आकडे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होते! पण गेटचं टोक बारा फुटांवर, खांबावरच्या डब्यात बंद. पैसे देताना शिडी लावून कोण चढतं?

अशा केबलची मर्यादा १०० मीटरची, त्यातही पक्की केबल ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. लांबी वाढली की सिग्नल क्षीण होतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्तच, आणि शेजारच्या तारांच्या जोडीतला आवाज (क्रॉसटॉक) त्याला गिळतो. त्यात नागपूरचा मे महिना. गच्चीवरच्या तापलेल्या पाइपात क्षीणता आणखी वाढते, म्हणून उन्हातल्या केबलला पूर्ण ९० मीटरही धरू नयेत.

मग एवढ्या लांब केबलवर कॅमेऱ्याची जोडणी (लिंक) आली कशी? स्विचवरचं 'एक्स्टेंड' बटण दाबून ठेवलेलं. त्याने पोर्ट १० एमबीपीएसवर उतरतो आणि लांब केबलवरही चित्र दिसतं. दाखवायला तेवढं पुरतं. आठ दिव्यांचा टेस्टर तर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, क्षीणता किंवा क्रॉसटॉक त्याला कळत नाही. त्याच्या हिरव्या दिव्यांवर पैसे सोडू नका. स्विचमध्ये लॉगिन करून पोर्टचा वेग बघा, फाइल कॉपी चालू असताना सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा चढतो का ते बघा.

कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते. रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे दिवे) लागले आणि पीटीझेड, म्हणजे गेटवरचा फिरणारा कॅमेरा, फिरला की तो रिस्टार्ट होतो. एका टोकाला जोडीच्या दोन तारा एकत्र करून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला: ३५ ओहम. मानकाप्रमाणे १०० मीटरला जास्तीत जास्त १८.७६ चालतात. १२८ मीटर धरले तरी २४ च्या पुढे जायला नको. लांबीची चोरी वेगळी, धातूची वेगळी.

तक्रारीचं विचारू नका. ठाण्यात "हा दिवाणी मामला". मोजमापाच्या कार्यालयात "धातू आमच्याकडे येत नाही, लांबीचं बघू, पेटी आणा". पेट्या ठेकेदाराकडेच! तिसऱ्या ठिकाणी "प्रयोगशाळेचा रिपोर्ट जोडा", त्याचा खर्चही आपलाच. ग्राहक म्हणून जावं तर २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी बसत नाही, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे. म्हणजे गोदामवाल्याला लुटायला मोकळं रान. आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: "पण कॅमेरा चालू तर आहे ना?"

बिलावर 'सॉलिड बेअर कॉपर, २३ गेज' लिहून घ्या. नुसतं 'कॅट-सिक्स' म्हणजे काहीच नाही. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांच्या आकड्यांचे फोटो मागा. शेवटचे ३० टक्के सर्टिफिकेशन रिपोर्ट (प्रत्येक केबल यंत्राने मानकाप्रमाणे तपासल्याचा अहवाल) हातात आल्यावरच द्या.

गेटला आता सिंगल मोड फायबर (लांब अंतराची प्रकाशावर चालणारी केबल), दोन मीडिया कन्व्हर्टर (तिला नेटवर्कशी जोडणारे डबे) आणि कॅमेऱ्याला तिथेच वेगळी वीज लागेल. त्याचं कोटेशन त्याच ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय, ९,२०० रुपये.