घडीची कयाक, गोव्याचं खारं पाणी: हंगामभर वापरून

पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने होडी ठेवायची कुठे? म्हणून घडीची कयाक घेतली, सुटी करून बॅगेत भरता येणारी वल्ह्याची होडी. ॲल्युमिनियमच्या पाईपांचा सांगाडा, प्लॅस्टिकच्या आडव्या बरगड्या, वरून पीव्हीसीची खोळ, दोन्ही अंगांना हवेच्या नळ्या. अख्खा हंगाम मांडवीत आणि शापोरा नदीत चालवली.

जोडायला किती वेळ लागतो, हे सगळेच विचारतात. हात बसला की अर्धा तास. घोडं अडतं ते कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या लांब दांड्याच्या, शेवटच्या पाईपपाशी. सांगाड्याचे दोन्ही अर्धे खोळीत सरकवले की मधोमध दोन-तीन बोटं कमी पडतात आणि माणूस जोर लावायला लागतो. तो लावू नका. खोळीच्या तळाची मधली पट्टी कण्याच्या बरोबर खाली आहे का बघा, बहुतेक वेळा तीच कलंडलेली असते. बाजूच्या नळ्या पूर्ण रिकाम्या हव्यात, हवा अगदी शेवटी भरायची. खोळ थोडा वेळ उन्हात पसरली की पीव्हीसी मऊ पडतं आणि सांगाडा मुकाट आत जातो. पाण्यात होडी एका अंगाला ओढत असेल तरी आधी ती पट्टीच तपासा, वल्ह्याला शिव्या नंतर.

खरं काम घरी आल्यावर. खारं पाणी सांध्यांत शिरतं, आणि तिथे ॲल्युमिनियममध्ये स्टीलचं बटण बसवलेलं असतं. दोन धातू आणि मीठ एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते, सांधा जाम होतो. जर्मनीची क्लेपर 1907 पासून अशा होड्या बनवते, तिच्या लाकडी सांगाड्याला हा त्रास एवढा नाही. पण ती परवडणार कुणाला! माझा एक पाईप दिवाळीनंतर अडकला. विक्रेता म्हणतो, खाऱ्या पाण्यात वापरली तर वॉरंटी नाही. गोव्यात कयाक विकून वर हे ऐकवायचं! शेवटी बाहेरच्या पाईपवर गरम पाणी ओतलं, म्हणजे तो जरा फुगतो, आणि ओढण्याऐवजी पिळत सोडवला. पकड लावली असती तर पाईप चेपला असता. आता दर वेळी सगळे सांधे सुटे करून नळाखाली धुतो, सुकले की सिलिकॉनचा हलका हात. साधं तेल-ग्रीस नको, पाईपांच्या आतून ओवलेल्या रबरी दोरीचं वाटोळं होतं.

खोळही आतून धुवा. वाळूचा कण पाईपखाली अडकला की घासत राहतो.

खारफुटीच्या मुळांना आणि मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) दगडांना धारदार शिंपल्यांची कालवं चिकटलेली असतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, त्यांच्या जवळून जाऊ नका. चोडणजवळ माझ्या खोळीला बोटभर चीर गेली. सायकलच्या पंक्चरचा गोंद पीव्हीसीवर धरत नाही, पीव्हीसीचाच आणा. दोन्ही बाजू घासून पातळ थर द्या आणि रात्रभर वजन ठेवा. किनाऱ्यावर उन्हात होडी ठेवताना नळ्यांतली थोडी हवा सोडा, नाहीतर तापून शिवणीवर ताण येतो. पावसाळ्यात बॅगेत कोंबलीत तर बुरशी ठरलेली. माझी सैल गुंडाळून कपाटावर असते, बायकोची कुरकुर धरून.

फ्लॅटवाल्यांनी जरूर घ्यावी. घराला पडवी असेल तर सरळ प्लॅस्टिकची अखंड होडी घ्या, स्वस्त पडते आणि पाण्याचा एक हात मारला की काम झालं. आणि कुंभारजुव्याच्या कालव्याबद्दल विचारणाऱ्यांना: मगरी तिथे खरंच आहेत, मी तिकडे नेत नाही.